बोट ओळीवर, नजर समोर : एका व्यक्तिचित्राच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम पक्कं झालं. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात लावायचं व्यक्तिचित्र, नुकत्याच निवृत्त झालेल्या ग्रंथपालबाईंचं. तैलरंग, कॅनव्हास ३६ बाय ३० इंच, कमरेपर्यंतची आकृती, दोन्ही हात दिसायला हवेत. समितीची अट एकच, हातात पुस्तक पाहिजे. निघता निघता अध्यक्षांनी तिला शेपूट जोडलं, "नाव वाचता येईल असं घ्या. एखादं मोठं पुस्तक." मोठं म्हणजे आकाराने की कीर्तीने, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, "पुस्तक दे हवं तर. पण हातात आलं की मी वाचणार. नुसतं धरून बसायला मला जमायचं नाही."

गमतीने म्हणाल्या असतील, पण कामातली मुख्य अडचण त्यांनीच सांगून टाकली. माणूस खरोखर वाचायला लागला की पापण्या उतरतात, हनुवटी छातीकडे जाते, कपाळ पुढे येतं, आणि ज्याचं चित्र काढायचं तो तिथून निघून गेलेला असतो. व्यक्तिचित्राला माणूस हजर लागतो. वाचनात तो गैरहजर होतो. हाती पुस्तक असलेल्या माणसांची चित्रं ढिगाने आहेत, पण त्यांत प्रत्यक्ष वाचणारे थोडेच. बाकीच्यांनी पुस्तकाचं काय केलंय ते आधी बघायचं, मग कोळसा हातात घ्यायचा.

९ जानेवारी

पहिलं नजरेत भरलं ते बोट.

राजकन्या एलिझाबेथचं १५४६ च्या सुमाराचं चित्र, विल्यम स्क्रॉट्सच्या नावावर असलेलं, ब्रिटिश राजसंग्रहातलं. मुलगी तेराएक वर्षांची, अंगात लाल भरजरी झगा. हातात लहानसं पुस्तक, आणि पानांमध्ये एक बोट अडकवलेलं. शेजारी ठवणीवर मोठा ग्रंथ उघडा. ती सरळ आपल्याकडे बघते. बोट सांगतं की आत्तापर्यंत वाचत होते, तुम्ही आलात म्हणून थांबले, तुम्ही गेलात की इथूनच पुढे. पुस्तक पूर्ण मिटलेलं असतं तर ते दागिन्यांच्या रांगेत जाऊन बसलं असतं. उघडं असतं तर नजर खाली गेली असती. दोन्हींच्या मधली जागा त्या बोटाने धरून ठेवली आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला ब्रॉन्झिनोचा तरुण (१५३० चं दशक) तीच खूण वेगळ्या गुर्मीत करतो. एक हात कमरेवर, दुसरा पुस्तकावर, बोट आत. एलिझाबेथचं बोट अदबीने थांबलंय, याचं म्हणतंय की काय ते लवकर बोला. एल ग्रेकोने १६०९ मध्ये रंगवलेला धर्मोपदेशक आणि कवी पाराविसिनो एकाच हातात एक मोठं आणि एक लहान अशी दोन पुस्तकं सांभाळून बसलाय, आणि त्याचीही बोटं पानांत गुंतलेली आहेत. तीन देश, तीन स्वभाव, युक्ती एकच.

याला निव्वळ नखरा म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. बैठकीला बसलेल्या माणसाच्या हातांचं करायचं काय, हा प्रत्येक चित्रकाराला छळणारा प्रश्न आहे. मोकळे सोडले तर मेल्यासारखे पडतात. पानात बोट असलं की हाताला काम मिळतं आणि चेहरा मोकळा राहतो.

१२ जानेवारी

बोट अडकवायला पुस्तक एका हातात मावायला हवं. म्हणजे ही खूण पुस्तक लहान झाल्यावरच शक्य झाली.

व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने १५०१ पासून अभिजात लेखक छोट्या आकारात छापायला सुरुवात केली. आधी रोमन कवी व्हर्जिल, त्याच वर्षी इटालियन कवी पेत्रार्क. अभ्यासिकेतल्या मेजावरून पुस्तक खिशात आलं. आंद्रेया देल सार्तोची फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली तरुणी (सुमारे १५२८) अशीच पेत्रार्कची छोटी प्रत घेऊन बसली आहे. बोट ओळींवर, ओठांवर हसू, नजर आपल्याकडे. वाचायला नाही, दाखवायला बसली आहे. कवितेत काय आहे ते तिला ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे का याची ती मजा घेते.

उलट टोकाला उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो, १४७५ च्या आसपासचा. चिलखत अंगावर, शिरस्त्राण पायाशी, गुडघ्याजवळ लहानगा मुलगा, आणि ड्यूक प्रचंड ग्रंथ समोर धरून वाचतोय, तोही खरोखर, पानात डोळे घालून. चिलखत घालून कोण वाचायला बसतं? कोणीच नाही. तलवार आणि विद्या दोन्ही माझ्या घरात आहेत, असं त्याला एकाच चौकटीत सांगायचं आहे. तो नजर खाली ठेवू शकतो, कारण त्याची ओळख चेहऱ्यावर अवलंबून नाही. ते तुटलेलं नाक एका बाजूने कुठूनही ओळखू येतं.

पाँपेईतलं जोडपं विसरायला नको. इसवी सन ५५ ते ७९ च्या दरम्यानचं भित्तिचित्र, आता नेपल्सच्या संग्रहालयात. नवऱ्याच्या हातात गुंडाळी, बायकोच्या हातात मेणाच्या पाट्या, आणि लेखणी हनुवटीला टेकवलेली. ग्रंथ म्हणावा असं काहीच नाही, पण आम्ही लिहिणारे-वाचणारे आहोत हे सांगण्याची हौस तेवढीच.

१८ जानेवारी

पहिली बैठक. नुसता कोळसा.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. कपाटातली एक कादंबरी हातात दिली, पाच मिनिटांत त्या तिच्यात बुडाल्या. काढलेली रेखाटनं चांगली आहेत, पण सगळी कपाळाची आणि पापण्यांची. पान उलटताना मात्र हाताने काय केलं ते टिपून ठेवलं. अंगठा पानाच्या वरच्या कोपऱ्याखाली आधीच सरकतो, ओळ संपायच्या कितीतरी आधी. हा हात सराईत वाचकाचा आहे, त्याला सोंग शिकवावं लागणार नाही.

प्रकाशाचीही एक गोष्ट कळली. खिडकी डावीकडे. पान उघडं असलं की ते खालून उजेड फेकतं, छायाचित्रकारांच्या पांढऱ्या फळीसारखं. हनुवटीखालची आणि नाकाखालची सावली उघडते, डोळ्यांच्या खोबणी उजळतात. पुस्तक मिटलं की चेहरा एकदम पाच वर्षांनी म्हातारा. म्हणजे पुस्तक उघडं ठेवायचं की मिटलेलं, हा निर्णय फक्त अर्थाचा नाही, चेहऱ्याच्या रंगाचाही आहे.

२१ जानेवारी

समितीच्या ‘वाचता येईल असं’ या अटीमुळे आज अख्खा दिवस अक्षरांत गेला.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये वाचणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची दोन चित्रं आहेत. एक रेम्ब्रांटचं, १६३१ चं. दुसरं खेरिट डाउचं, १६३१-३२ च्या सुमाराचं. डाउ १६२८ पासून रेम्ब्रांटच्या हाताखाली शिकत होता, म्हणजे गुरू आणि शिष्याने जवळपास एकाच वेळी एकच विषय घेतला. डाउच्या चित्रातलं पान आपल्याला वाचता येतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला १९ वा अध्याय, सोबत झक्कयाची कथा सांगणारं छापील चित्रसुद्धा. कागदाची सुरकुती, फरच्या कडेचा एकेक केस, सगळं जागच्या जागी. रेम्ब्रांटच्या पानावर हिब्रूचा भास होतो, पण वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. तिथे वाचायला मिळतो तो हात. सुरकुतलेला पंजा पानावर सपाट पसरलेला, सगळा उजेड त्याच्यावर आणि कागदावर, चेहरा मात्र सावलीत. ती डोळ्यांइतकीच हाताने वाचते आहे असं वाटतं.

डाउच्या चित्रापुढे मी वाचायला लागते, म्हणजे म्हातारीला सोडून पुस्तकाकडे जाते. रेम्ब्रांटच्या चित्रात तसं होऊ शकत नाही, कारण पुस्तक मला आत घेतच नाही. कौशल्याचा मान डाउला द्यायला माझी ना नाही. पण मला बाईंपासून नजर हटवणारं पान नको आहे.

२२ जानेवारी

कालच्या म्हणण्याला लगेच एक अपवाद आडवा आला, आणि तोही दणदणीत. ब्रॉन्झिनोने १५५५ ते ६० च्या दरम्यान रंगवलेली कवयित्री लाउरा बात्तिफेर्री. चेहरा कडक, एका बाजूने, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारा. पुस्तक मात्र आपल्याकडे वळवून धरलेलं, लांबसडक बोटं ओळींवर फाकलेली, आणि अक्षरं स्वच्छ. पेत्रार्कची दोन सुनीतं आहेत ती, आणि संग्रहाच्या क्रमात ती एकमेकांशेजारी येतच नाहीत. कुणीतरी मुद्दाम निवडून समोरासमोरच्या पानांवर लिहून घेतली आहेत. पेत्रार्कच्या प्रेयसीचंही नाव लाउरा. चेहऱ्याने काही सांगायचं नाकारलं आणि बोलण्याचं काम पानावर सोपवलं. इथे अक्षरं वाचता आली नसती तर चित्रच मुकं झालं असतं.

तर नियम बियम काही नाही. चेहरा बोलणार असेल तर पानाने गप्प बसावं, चेहरा गप्प असेल तर पान बोलावं. बाईंचा चेहरा गप्प बसणाऱ्यातला नाही.

२५ जानेवारी

फ्रागोनारची वाचणारी मुलगी (सुमारे १७६९, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी). पिवळाधमक पोशाख, पाठीशी उशी, पुस्तक धरलेल्या हाताची करंगळी उचललेली. क्ष-किरण तपासणीत दिसलं की आधी तिथे प्रेक्षकाकडे बघणारं डोकं होतं. फ्रागोनारने ते बुजवून ही वाचणारी मुलगी काढली. म्हणजे त्याच्यापुढे माझाच प्रश्न होता आणि त्याने उलटं उत्तर निवडलं. माणूस हजर नसला तरी चालेल, वाचन हजर हवं. आणि झालंही तसंच. आज हे कुणा व्यक्तीचं चित्र म्हणून कोणी बघत नाही, वाचणारी मुलगी म्हणूनच बघतात. तिचं नाव काय, हे कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

गळ्याभोवतीची झालर त्याने ओल्या रंगात ब्रशच्या लाकडी टोकाने ओरखडून काढली आहे. ती युक्ती उचलणार.

२९ जानेवारी

आता नावं. पुस्तकाचं नाव चित्रात आलं की ते पुस्तक राहत नाही, विधान होतं.

कांतां द ला तूरचं मादाम द पोंपादूरचं पेस्टल, १७५५ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात, मांडलेलं. फ्रान्सच्या राजाची मैत्रीण स्वरलिपीची पानं हातात घेऊन बसली आहे आणि मेजावर चामडी कण्यांची रांग. व्होल्तेअरचं महाकाव्य, मोंतेस्क्यूचा कायद्यावरचा ग्रंथ, आणि विश्वकोशाचा चौथा खंड. तो खंड निघून जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी, १७५२ मध्ये, याच विश्वकोशाच्या पहिल्या दोन खंडांवर राजाच्या परिषदेने बंदी आणली होती. तोंडाने एक शब्द न काढता तिने आपली बाजू मांडली, तीही भर प्रदर्शनात. अध्यक्षांना ‘मोठं पुस्तक’ हवं असतं ते अशासाठी असेल, तर मला काही म्हणायचं नाही. पण पोंपादूरने त्यात धोका पत्करला होता. वाचनकक्षातल्या भिंतीवर सर्वमान्य ग्रंथाचं नाव रंगवण्यात कसला आलाय धोका?

फ्रेंच चित्रकार माने याने १८६८ मध्ये काढलेला कादंबरीकार झोला आणखी मजेदार. झोलाच्या हातात मोठं चित्रमय पुस्तक उघडं आहे, पण तो बघतोय तिसरीकडेच. मेजावर, पिसांच्या लेखण्यांमागे, झोलाने मानेच्या बाजूने लिहिलेली पुस्तिका उभी आहे, आणि तिच्यावरचं मानेचं नाव हीच चित्रावरची सही. ज्याचं चित्र काढलं त्याने चित्रकाराबद्दल लिहिलेलं पुस्तक, आणि त्यावर चित्रकाराची सही! देण्याघेण्याचा हिशेब इतका चोख क्वचितच मिटला असेल. सोफोनिस्बा अंग्विसोलाने तर ३०० वर्षं आधी, १५५४ च्या आत्मचित्रात, हातातलं छोटं पुस्तक उघडून पानावरच लिहून ठेवलं की हे मी स्वतः केलं.

व्हॅन गॉघचं मात्र विधानापलीकडे जातं. मादाम जिनूच्या १८८८ च्या एका चित्रात मेजावर हातमोजे आणि छत्री आहे, दुसऱ्यात त्याच जागी पुस्तकं. बाई तीच, बसणंही जवळपास तेच. छत्रीवाली कुठेतरी निघालेली किंवा नुकतीच आलेली वाटते. पुस्तकांवाली विचारात आहे. फरक चेहऱ्यात शोधत बसले, सापडेना. तो मेजावर आहे. १८९० मध्ये तिला पुन्हा रंगवलं तेव्हा त्याने पुस्तकांना नावंही दिली, ‘अंकल टॉम्स केबिन’ आणि डिकन्सच्या नाताळकथा. ती हे वाचायची की नाही यापेक्षा त्याला स्वतःला ही पुस्तकं प्रिय होती, हे जास्त महत्त्वाचं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. गाशेच्या पहिल्या चित्रात गाँकूर बंधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत, दुसऱ्या चित्रात पुस्तकं गायब. दुसऱ्यात डॉक्टर जास्त एकटा दिसतो, असं मला वाटतं.

२ फेब्रुवारी

दुसरी बैठक. मी चार-पाच पुस्तकं काढून ठेवली होती. एक कवितासंग्रह, एक चरित्र, शब्दकोशाचा एक खंड. बाईंनी एकेक उचललं, कणा बघितला, मागचं पान उघडून दाखल क्रमांकाचा शिक्का आहे का ते पाहिलं (सवय जात नाही) आणि बाजूला ठेवलं. "ही माझी नव्हेत. मी ती दिली-घेतली. आवडलीही. पण एकच पुस्तक धरून बसले तर बाकीच्या हजारोंना काय वाटेल?"

मग पिशवीतून त्यांनी स्वतः आणलेलं काढलं. जुनं दाखल रजिस्टर, ग्रंथालयाकडून उसनं, तेही रीतसर सही करून. लांबरुंद, लाल कापडाचा कणा, कोपऱ्यांना झिजलेलं चामडं, कण्यावर कागदाच्या चिठ्ठीवर फक्त रजिस्टरचा अनुक्रमांक. आत निळ्या रेघा आणि लाल समास. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाव, प्रकाशक, किंमत, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कुठे ‘गहाळ’, कुठे ‘बाद’, आणि एका ठिकाणी ‘गहाळ’ खोडून त्यावर ‘सापडले’. शाई बदलत जाते, अक्षर मात्र त्यांचंच, पहिल्या पानावर टोकदार आणि शेवटाकडे घाईचं.

"हे पुस्तक मी लिहिलं," त्या म्हणाल्या. मी दुसरी पुस्तकं उचलून ठेवली.

५ फेब्रुवारी

कामाची पुस्तकं. वाचायची नव्हे, वापरायची. या पंगतीत आधी कोण कोण बसलंय ते बघितलं.

व्हेनिसमधला लोरेंझो लोत्तोचा फिकट तरुण (सुमारे १५३०) खतावणीसारखं जाड पुस्तक चाळतोय, न बघता. मेजावर गुलाबाच्या पाकळ्या आणि एक सरडा. मन हिशेबात नाही हे कळायला एवढं पुरे. हॉल्बाइनचा व्यापारी गेओर्ग गिझे (१५३२) पत्रं, शिक्के, वह्या यांच्या गर्दीत बसलाय, आणि त्याचं मन अगदी तिथेच आहे.

हॉल्बाइनच्याच ‘ॲम्बॅसेडर्स’ या दोन राजदूतांच्या जोडचित्रात (१५३३) खालच्या फळीवर पेटर आपियनचं व्यापारी अंकगणित भागाकाराच्या पानावर उघडं आहे, मध्ये गुण्या सारलेला. शेजारी ल्यूथरपंथी स्तोत्रांचं पुस्तक आणि एक तार तुटलेली ल्यूट. ख्रिस्ती जग त्या वर्षांत दुभंगत होतं, म्हणून भागाकाराचं पान, असा अर्थ लावतात आणि तो चपखल बसतो. मला आवडलेली जागा दुसरीच. उजवीकडचा बिशप कोपर टेकून उभा आहे ते एका पुस्तकावर, आणि पानांच्या कडेवर त्याचं वय लिहिलेलं आहे, २५. त्या काळी पुस्तकं बऱ्याचदा कणा आत आणि पानांची कड बाहेर अशी ठेवत, त्यामुळे नावंही कडेवर लिहीत. हॉल्बाइनच्या १५२३ च्या इरॅस्मसचे हात ज्या ग्रंथावर आहेत त्याच्या कडेवरही लिहिलेलं आहे, ‘हर्क्युलिसचे कष्ट’, ग्रीकमधून. विद्वानाची थट्टा आणि गौरव एकत्र, कारण संपादनाच्या कामाला इरॅस्मस स्वतः तसंच म्हणायचा.

वेलास्केथचा माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातला बुटक्या चणीचा दरबारी मात्र काळजाला लागतो. मांडीवर जवळपास त्याच्याएवढा ग्रंथ, पान उलटता उलटता वर बघणारा गंभीर चेहरा. मोठं पुस्तक आणि लहान माणूस ही दरबाराची थट्टा असू शकते. पण चेहरा त्या थट्टेत सामील नाही. तो कामात आहे आणि आपण व्यत्यय आणलाय.

रजिस्टर मोठं आहे, बाई लहानखुऱ्या. मोजमापं काळजीने घ्यायला हवीत, नाहीतर नकळत विनोद होईल.

९ फेब्रुवारी

समितीला कळवलं. एक सदस्य म्हणाले, "हिशेबाची वही हातात देऊन त्यांना कारकून करताय." अध्यक्षांनी नावाचा मुद्दा पुन्हा काढला. मी म्हटलं, ज्या पुस्तकाचं नाव लिहावं लागतं त्याची ओळख अजून व्हायची आहे. बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकावर काय लिहिलंय हे कुणी जवळ जाऊन बघतं का? संसदेच्या आवारातला बी. व्ही. वाघ यांचा पुतळा १९६७ चा. डाव्या हातात संविधान, उजवा हात पुढे. तिथून ते रूप इतकं पसरलं की आता निळा कोट, चष्मा आणि काखेतला ग्रंथ एवढ्यावर माणूस ओळखतात. अध्यक्ष म्हणाले, "तो ग्रंथ सगळ्या देशाचा आहे. रजिस्टर कोण ओळखणार?" रास्त प्रश्न आहे. पण लावायचंय कुठे? ग्रंथालयात. तिथे ज्यांना ओळखता यायला हवं त्यांना येईल.

निर्णय पुढे ढकलला. मी कॅनव्हासला तपकिरी रॉ अंबरचा पातळ हात देऊन ठेवला.

१५ फेब्रुवारी

पान रंगवणं. पांढरा कागद पांढऱ्या रंगाने होत नाही. खिडकीकडचं पान टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकरचा कण टाकून, पलीकडचं पान शिवणीकडे उतरतं तिथे रॉ अंबर आणि थोडं अल्ट्रामरीन. सगळ्यात उजळ जागा कागदावर ठेवली तर चेहरा हरतो, म्हणून पान एक पायरी खाली दाबलं आणि कपाळ एक पायरी वर. रेम्ब्रांटने उलट केलं होतं, त्याला ते पेललं.

रेघा सरळ ओढल्या की पान पत्र्यासारखं दिसतं. शिवणीजवळ कागद फुगतो आणि रेघ त्याच्याबरोबर वळते. चारच रेघा नीट काढल्या, बाकीच्या कोरड्या ब्रशने ओढून सोडल्या. लाल समास फ्रागोनारच्या पद्धतीने, ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडून खालचा तपकिरी थर उघडला, मग त्यात पातळ लाल. अक्षरं नाहीतच. लिहिण्याची लय तेवढी आहे, टोकदार, मग घाईची.

२३ फेब्रुवारी

चष्म्याचा प्रश्न. बाई वाचताना लावतात, बोलताना तो नाकावर खाली सरकवून वरून बघतात.

वाचण्याची खूण म्हणून चष्माही जुना खेळाडू आहे. इटलीतल्या त्रेव्हिझोमध्ये तोमाझो दा मोदेनाने १३५२ मध्ये काढलेला कार्डिनल ह्यू मेजाशी चष्मा लावून लिहितो आहे. हा गृहस्थ १२६३ मध्येच वारला होता, म्हणजे चष्मा निघायच्या आधी! विद्वान दाखवायचा म्हणून चित्रकाराने त्याला मरणोत्तर नंबर काढून दिला.

चष्म्यावरून बघणारी नजर घ्यायची ठरवली. काचेची खालची कड गालावर किंचित उजेड टाकते, तो बारीक ठिपका फार मोलाचा आहे.

४ मार्च

आज सगळं जुळलं, तेही हातामुळे.

पानात बोट अडकवायची युक्ती रजिस्टरला लागू पडेना. ते मेजावर सपाट उघडं असतं, मिटून हातात धरण्याजोगं त्याचं वजन नाही, मध्ये बोट ठेवलं तर चेंगरेल. बाई कंटाळल्या होत्या. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. बाईंनी तर्जनी चालू ओळीवर टेकवली आणि चष्म्यावरून वर बघितलं. "तशाच थांबा," म्हणून मी ओरडले.

ग्रंथालयाच्या टेबलाशी गेलेल्या प्रत्येकाने ही नजर पाहिली आहे. काम चालू आहे, पण बोला, काय हवंय? एलिझाबेथ आणि ब्रॉन्झिनोचा तरुण यांचं वाचन कुणी तोडलं ते चित्रात कळत नाही. इथे कळतं, ग्रंथ मागायला आलेला वाचक समोर उभा आहे, आणि वाचनकक्षात चित्रापुढे उभं राहणारा प्रत्येक जण तोच आहे. बाई वाचत असूनही हजर राहतात, कारण हजर राहणं हेच त्यांचं काम होतं.

पुस्तक देण्याघेण्याचं एक चित्र बरेच दिवस मनात होतं, ते आता जागेवर बसलं. मुघल चित्रकार बिचित्रने काढलेला जहांगीर (सुमारे १६१५-१८), वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर बसलेला. इंग्लंडच्या राजालाही खाली ताटकळत ठेवून तो वृद्ध सूफी शेख हुसैनला ग्रंथ देतो आहे. शेख तो हातात घेत नाही, शाल पसरून तिच्यावर झेलतो. चित्राचा सगळा अर्थ त्या दोघांमधल्या वीतभर जागेत आहे. माझ्या चित्रात ती जागा कॅनव्हास आणि बघणारा यांच्यामध्ये असेल, म्हणून मेजाची पुढची कड काढून टाकली. रजिस्टरचा खालचा कोपरा चौकटीत कापला जातो, जणू मेज बघणाऱ्यापर्यंत आलं आहे.

१६ मार्च

हात पूर्ण. तर्जनीचं नख तीनदा पुसलं. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या वरच्या कोपऱ्याखाली सरकवून ठेवला, पहिल्या दिवशी टिपला होता तसा.

२० मार्च

समिती येऊन बघून गेली. कारकून म्हणणारे सदस्य बराच वेळ समोर उभे होते, मग म्हणाले, "माझं एक पुस्तक परत करायचं राहिलंय." मंजुरी समजायला हरकत नाही. अध्यक्षांनी अजून एकदा विचारलं, बोट कुठल्या पुस्तकाच्या नोंदीवर आहे? बाई सोबत होत्या. "तुम्ही मागायला आलात त्याच्या," त्या म्हणाल्या.

नावाचा आग्रह त्यांनी सोडला, पण खालच्या पाटीवर ‘दाखल रजिस्टरसह’ असं लिहायचं मान्य करून घेतलं. मला ते नकोसं वाटत होतं. बाईंना आवडलं, म्हणून राहू दे.

कण्यावरच्या चिठ्ठीचा अनुक्रमांक मात्र खरा आहे आणि नीट वाचता येतो. मूळ रजिस्टर उद्या परत करायचं, बाईंनी सही करून घेतलंय. पक्कं व्हार्निश रंग पुरता वाळल्यावर, सहा महिन्यांनी, चमक कमी असलेलं. वाचनकक्षातल्या ट्यूबलाइटचा उजेड चित्रावर कुठून पडतो ते टांगायच्या आधी जाऊन बघायचं.